ख्रिस्ती धर्मातील धनविचार

ख्रिस्ती धर्मातील धनविचार म्हणजे धन, मालमत्ता, दान, दारिद्र्य आणि लोभ यांविषयी ख्रिस्ती धर्मग्रंथ, धर्मपंडित व भक्तसमुदाय यांनी सुमारे दोन हजार वर्षांत मांडलेली शिकवण आणि तिला अनुसरून घडलेला आचार होय. या शिकवणुकीत धनाचा विचार प्रामुख्याने आध्यात्मिक जीवनाच्या अंगाने केला जातो. माणसाजवळ किती धन आहे यापेक्षा त्याचा भरवसा कशावर आहे, हा तिच्यातील मध्यवर्ती प्रश्न आहे. धन हे साधन राहिले तर ते सेवेला उपयोगी पडते. तेच आधार बनले तर ते देवाची जागा घेते, अशी ही भूमिका थोडक्यात सांगता येते.

या एका भूमिकेतून इतिहासात दोन प्रमुख प्रवाह निर्माण झाले. पहिला प्रवाह संपत्तीच्या पूर्ण त्यागाचा असून त्याची परिणती संन्यासी संघांच्या दारिद्र्यव्रतात झाली. दुसरा प्रवाह विश्वस्तवृत्तीचा आहे. धनाचा खरा मालक देव असून माणूस केवळ त्याचा कारभारी आहे, असे तो मानतो. दोन्ही प्रवाहांना बायबलमध्ये आधार सापडतो आणि त्यांच्यातील ताण आजही कायम आहे.

जुन्या करारातील धनविचार

जुन्या करारात समृद्धी हा सामान्यतः देवाचा आशीर्वाद मानला आहे. अब्राहाम, इसहाक व याकोब हे पूर्वज कळपांचे व गुराढोरांचे धनी होते. मात्र या आशीर्वादासोबत सावधगिरीचा इशाराही येतो. वचनदत्त देशात पोट भरून खाल्ल्यावर व घरेदारे बांधल्यावर हे वैभव आपण स्वतःच्या बाहुबलाने मिळवले, असे इस्राएल लोकांनी मनात आणू नये, अशी ताकीद ‘अनुवाद’ या पुस्तकात दिली आहे.

निर्गम या पुस्तकातील मान्न्याची कथा या संदर्भात महत्त्वाची ठरते. अरण्यात लोकांना रोज सकाळी मान्ना मिळे. एका दिवसाच्या गरजेपेक्षा जास्त साठवलेला मान्ना दुसऱ्या दिवशी नासत असे; केवळ शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची मुभा होती. रोजच्या गरजेपुरते घेणे आणि उद्याचा भार देवावर सोपवणे, हा धडा पुढील काळात अनेक ख्रिस्ती विचारवंतांनी या कथेतून काढला.

लेवीय या पुस्तकात धनविचाराला सामाजिक नियमांचे रूप मिळाले आहे. शेताच्या कडेचे पीक कापू नये, गळालेली कणसे वेचू नयेत, ती गरीब व परदेशी यांच्यासाठी ठेवावीत, असा नियम त्यात आहे. रूथ या विधवेची कथा याच प्रथेच्या पार्श्वभूमीवर घडते. दर पन्नासाव्या वर्षी, म्हणजे योबेल वर्षी, विकलेली वडिलोपार्जित जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी, असेही तेथे सांगितले आहे. जमीन देवाची असून माणसे तिच्यावर केवळ उपरी म्हणून राहतात, हे या नियमामागील तत्त्व होय. आमोस, यशया, मीखा आदी संदेष्ट्यांनी गरिबांना नाडून मिळवलेल्या संपत्तीवर कठोर टीका केली. अशा धनातून वाहिलेले होम व अर्पणे देवाला नकोशी होतात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

नीतिसूत्रे या ग्रंथाच्या तिसाव्या अध्यायात मध्यममार्गाची एक प्रार्थना आहे. तिच्यात भक्त दारिद्र्यही मागत नाही आणि श्रीमंतीही मागत नाही. श्रीमंतीत देवाचा विसर पडण्याचे भय असते, तर दारिद्र्यात चोरी करून देवाच्या नावाला कलंक लागण्याचे भय असते, असे कारण तेथे दिले आहे. दोन्ही टोकांच्या आध्यात्मिक धोक्यांचा एकत्र विचार करणारा हा उतारा ख्रिस्ती परंपरेत वारंवार आधाराला घेतला गेला.

येशूची शिकवण

शुभवर्तमानांत धनाचा विषय वारंवार येतो. मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात येशू पृथ्वीवरील साठा व स्वर्गातील साठा यांतील भेद सांगतो. जेथे माणसाचा ठेवा असतो तेथेच त्याचे मन गुंतते, हे त्याचे निरीक्षण आहे. त्याच प्रवचनात देव व धन या दोन धन्यांची एकाच वेळी चाकरी करणे अशक्य असल्याचे तो सांगतो. मूळ ग्रीक मजकुरात येथे ‘मॅमन’ हा अरामी शब्द तसाच ठेवला आहे. त्याचा सर्वसाधारण अर्थ धन वा मालमत्ता असा होतो. परंतु चाकरी मागणारा धनी म्हणून त्याचा उल्लेख आल्यामुळे पुढील परंपरेत मॅमन हे जणू एका खोट्या देवाचे नाव बनले.

लूककृत शुभवर्तमानात या विषयावरील दृष्टान्त व प्रसंग विशेष संख्येने आढळतात. त्यांपैकी एक मूर्ख धनवानाचा आहे. भरघोस पीक आल्यावर तो जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचे मनसुबे रचतो आणि त्याच रात्री मरण पावतो. श्रीमंत मनुष्य व लाजर यांच्या दृष्टान्तात श्रीमंताने लाजराला मारल्याचा किंवा लुबाडल्याचा उल्लेख नाही. दाराशी पडलेल्या भुकेल्या माणसाकडे त्याचे लक्षच गेले नाही, हाच त्याचा अपराध ठरतो. धन माणसाची दृष्टी मंद करते, हा विचार या दृष्टान्तातून पुढे आला.

एका धनिक तरुणाला येशू सर्वस्व विकून गरिबांना देण्यास व आपल्यामागे येण्यास सांगतो आणि तो तरुण खिन्न होऊन निघून जातो. सुईच्या नाकातून जाणाऱ्या उंटाची प्रसिद्ध उपमा याच प्रसंगी येते. याउलट यरीहो येथील जक्कय हा मुख्य जकातदार निम्मी संपत्ती गरिबांना देण्याचे व अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे वचन देतो. त्याच्याकडून सर्वस्वाची मागणी होत नाही आणि त्याच्या घराला तारण प्राप्त झाल्याचे येशू जाहीर करतो. येशू व त्याच्या शिष्यांचा खर्च योहान्ना, सूसान्ना आदी स्त्रिया आपल्या मालमत्तेतून चालवत असत, असेही लूक नमूद करतो. या तिन्ही उदाहरणांतील भेदामुळे सर्वस्वत्यागाची आज्ञा प्रत्येकासाठी आहे की काहींसाठी, हा वाद पुढे दीर्घकाळ चालला.

यरुशलेमच्या मंदिरातील दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे सर्वांत हलकी तांब्याची नाणी, टाकणाऱ्या विधवेचा प्रसंग दानाचे माप सांगतो. श्रीमंतांनी विपुलतेतून दिले, विधवेने आपल्या उपजीविकेतून दिले. म्हणून तिचे दान मोठे ठरले. दिलेल्या रकमेपेक्षा देणाऱ्याजवळ काय उरले यावरून दानाचे मोल ठरवण्याची ही रीत ख्रिस्ती दानविचाराचा पाया मानली जाते.

आद्य ख्रिस्ती मंडळी

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकानुसार यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतील सभासद जमीनजुमला विकून आलेले पैसे प्रेषितांकडे सोपवत आणि ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे त्यांचे वाटप होई. हनन्या व सप्पीरा या दांपत्याने शेत विकून काही रक्कम मागे ठेवली आणि उरलेला भाग पूर्ण किंमत असल्याच्या आविर्भावात आणून दिला. पेत्राने त्यांना दोष दिला तो पैसे राखल्याबद्दल नव्हे, तर खोटे बोलल्याबद्दल. शेत त्यांचेच होते व विक्रीची रक्कमही त्यांच्याच अधिकारात होती, असे तो स्पष्ट सांगतो. त्याच पुस्तकात शिमोन नावाचा जादूगार पवित्र आत्म्याचे दान देण्याचा अधिकार पैसे देऊन मागतो. धर्मपदांच्या खरेदी-विक्रीला युरोपीय भाषांत पुढे याच शिमोनाचे नाव मिळाले.

पौलाच्या पत्रांत दान हे मंडळ्यांना जोडणारे सूत्र म्हणून येते. यरुशलेममधील गरिबांसाठी त्याने ग्रीक प्रदेशांतील मंडळ्यांमधून वर्गणी गोळा केली. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला ठेवावे व ते कुरकुर न करता आनंदाने द्यावे, असे त्याने करिंथकरांना कळवले. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात लोभाला मूर्तिपूजेच्या पंक्तीत बसवले आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील एक विधान धन हेच सर्व वाइटाचे मूळ आहे, अशा रूपात पुष्कळदा चुकीने सांगितले जाते. मूळ विधान धनाच्या लोभाविषयी आहे. याकोबाचे पत्र मंडळीच्या सभेत सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा व फाटक्या वस्त्रांतील माणसाला पायाशी जागा देण्याच्या वृत्तीचा निषेध करते. तसेच शेतमजुरांची अडवलेली मजुरी देवाकडे ओरड करते, असे बजावते.

लोभाची चिकित्सा

दुसऱ्या ते सहाव्या शतकांत धर्मपित्यांनी लोभाच्या अंतरंगाचा बारकाईने विचार केला. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट (सुमारे १५० – सुमारे २१५) याने कोणत्या श्रीमंताचे तारण होईल या प्रश्नावर स्वतंत्र निबंध लिहिला. त्याच्या मते संपत्ती हे हत्यारासारखे साधन असून तिचा चांगला-वाईटपणा वापरणाऱ्यावर अवलंबून असतो. घरातील धन टाकून देऊनही मनात त्याची आसक्ती उरली तर त्यागाचा हेतू साधत नाही. शिवाय कोणाजवळच काही उरले नाही, तर भुकेल्याला अन्न कोण देणार, असाही प्रश्न त्याने उपस्थित केला.

कैसरियाचा बिशप बेसिल (सुमारे ३३० – ३७९) याची भूमिका अधिक कठोर होती. पेटीत पडून राहिलेले जादा वस्त्र उघड्यानागड्याचे आणि कोठारातील जादा धान्य भुकेल्याचे असते, असे त्याने मूर्ख धनवानाच्या दृष्टान्तावरील प्रवचनात प्रतिपादन केले. कैसरियाजवळ त्याने आजारी, निराधार व प्रवासी यांच्यासाठी एक मोठी संस्था उभारली. योहान क्रिसोस्तोम (सुमारे ३४७ – ४०७) याने अंत्युखिया येथे लाजराच्या दृष्टान्तावर प्रवचनमाला दिली. आपल्या संपत्तीत गरिबांना वाटा न देणे ही चोरीच आहे, असे तो मानत असे. पुढे कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाल्यावर त्याने धनिकांच्या विलासावर टीका केली. राजदरबाराशी वितुष्ट येऊन त्याला पदच्युती व हद्दपारी भोगावी लागली आणि हद्दपारीतच त्याचा मृत्यू झाला.

इजिप्तच्या वाळवंटातील तपस्वी इव्हाग्रियस (३४५ – ३९९) याने साधकाला ग्रासणाऱ्या आठ दुर्विचारांची यादी केली. तिच्यात धनलोभाचा समावेश आहे. त्याच्या मते हा विचार साधकासमोर हावेच्या रूपात येत नाही, तर काळजीच्या रूपात येतो. लांबलेले म्हातारपण, अंगमेहनत न होण्याची वेळ, आजारपण, दुसऱ्यासमोर हात पसरण्याची लाज अशी चित्रे तो मनात उभी करतो. भोगाची ओढ नसलेला माणूसही भयापोटी लोभी होऊ शकतो, हे या विश्लेषणाचे मर्म आहे. इव्हाग्रियसची यादी योहान कॅसियनने पाश्चात्त्य जगात नेली. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी पहिला याने तिची पुनर्रचना केली आणि त्यातून सात महापापांची परंपरागत यादी तयार झाली.

संन्यास व दारिद्र्यव्रत

इजिप्तमधील अँथनी (सुमारे २५१ – ३५६) हा ख्रिस्ती संन्यासमार्गाचा आद्य पुरुष मानला जातो. अथानेशियसने लिहिलेल्या चरित्रानुसार चर्चमध्ये धनिक तरुणाचा उतारा ऐकून त्याने वडिलोपार्जित जमीन देऊन टाकली व पुढे वाळवंटाची वाट धरली. सहाव्या शतकात नर्सियाच्या बेनेडिक्टने मठांसाठी जी नियमावली रचली, तिच्यात संन्याशाला लेखणीदेखील स्वतःची म्हणून ठेवण्यास मनाई आहे. त्याच नियमावलीत मठाची सर्व भांडी व अवजारे वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे जपावीत, अशी सूचना आहे. वस्तूचा हव्यास नको, पण तिची हेळसांडही नको, असा समतोल तिच्यात दिसतो.

व्यक्तिगत दारिद्र्य पाळणारे मठ सामूहिकरीत्या मात्र श्रीमंत होत गेले. देणग्या, जमिनी आणि संन्याशांचे स्वतःचे काटकसरी श्रम ही त्याची कारणे होती. या परिस्थितीत असिसीचा फ्रान्सिस (सुमारे ११८१ – १२२६) या कापड व्यापाऱ्याच्या मुलाने संपूर्ण दारिद्र्याचा मार्ग पत्करला. वडिलांशी वाद झाल्यावर बिशपसमोर त्याने अंगावरचे कपडेही परत केले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. त्याच्या संघाच्या १२२३ च्या नियमावलीत बंधूंना नाणी वा पैसे स्वीकारण्याची मनाई होती. संघाचा विस्तार झाल्यावर या नियमाच्या पालनावरून त्याच्यात तीव्र मतभेद झाले. ख्रिस्त व प्रेषित यांच्याजवळ वैयक्तिक वा सामाईक कोणतीही मालमत्ता नव्हती, हे मत १३२३ मध्ये पोप योहान बाविसावा याने पाखंडी ठरवले.

मालमत्ता व व्याज

थॉमस अक्वायनस (सुमारे १२२५ – १२७४) याने खासगी मालमत्तेचे मर्यादित समर्थन केले. मालमत्तेची व्यवस्था व्यक्तीकडे असावी, कारण माणूस स्वतःच्या वस्तूची अधिक काळजी घेतो. परंतु तिचा उपयोग सर्वांसाठी खुला असावा, असे त्याचे मत होते. जीव धोक्यात असताना गरजू माणसाने दुसऱ्याच्या विपुलतेतून घेतलेले अन्न ही चोरी ठरत नाही, असेही त्याने म्हटले.

मध्ययुगीन चर्चने व्याज घेण्यास विरोध केला. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन धर्मसभेने उघडपणे सावकारी करणाऱ्यांना प्रभुभोजनाचा संस्कार व ख्रिस्ती दफन नाकारले. गरजूची अडचण हे कमाईचे साधन होऊ नये, हा या विरोधामागील नैतिक हेतू होता. पंधराव्या शतकात इटलीत फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांच्या पुढाकाराने गरिबांना गहाणावर अल्प आकाराने कर्ज देणाऱ्या पेढ्या निघाल्या. १५१५ मध्ये पाचव्या लॅटरन धर्मसभेने त्यांना मान्यता दिली.

धर्मसुधारणा व त्यानंतर

१५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने मांडलेल्या ९५ प्रमेयांचा रोख पापदंडाच्या माफीपत्रांच्या विक्रीवर होता. गरिबाला देणे किंवा गरजूला उसने देणे हे माफीपत्र विकत घेण्यापेक्षा श्रेष्ठ आहे, असे त्यांपैकी एका प्रमेयात म्हटले आहे. १५२९ च्या आपल्या मोठ्या प्रश्नोत्तरावलीत त्याने माणसाचे अंतःकरण ज्यावर विसंबते तोच त्याचा खरा देव असतो, असे सांगून धन ही जगातील सर्वांत प्रचलित मूर्ती असल्याचे मत मांडले. जॉन कॅल्व्हिन (१५०९ – १५६४) याने व्यापारी कर्जावरील व्याज काही मर्यादांसह मान्य केले. गरिबाच्या गरजेवर मात्र व्याज आकारू नये, असा त्याचा आग्रह होता.

मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली (१७०३ – १७९१) याने धनाच्या वापराविषयी तीन नियम दिले. सचोटीने व कोणाचेही नुकसान न करता शक्य तितके मिळवावे, उधळपट्टी टाळून शक्य तितके वाचवावे आणि शक्य तितके द्यावे. तिसरा नियम पाळला नाही तर पहिले दोन आत्म्याला घातक ठरतात, असे तो बजावत असे. ऑक्सफर्डमधील एका मेथडिस्टाचे उदाहरण त्याने एका प्रवचनात दिले आहे. त्या व्यक्तीचे वार्षिक उत्पन्न ३० पौंड असताना ती २८ पौंडांत निर्वाह करून २ पौंड दान करी. उत्पन्न क्रमाने ६०, ९० व १२० पौंड झाले, तरी खर्च २८ पौंडच राहिला आणि दान ९२ पौंडांपर्यंत वाढले. हे उदाहरण वेस्लीच्या स्वतःच्या आयुष्यातील असल्याचे सामान्यतः मानले जाते.

उतारवयात वेस्लीने एक गंभीर चिंता व्यक्त केली. खरा धर्म माणसाला उद्योगी व काटकसरी बनवतो. उद्योग व काटकसर यांतून संपत्ती येते. आणि संपत्तीबरोबर गर्व व जगाची आसक्ती वाढून धर्माचे सत्त्व क्षीण होते. या चक्रावर अधिकाधिक दान हाच एक उपाय त्याला दिसत होता. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने १९०४–०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रॉटेस्टंट नीती व भांडवलशाही यांच्या संबंधावरील अभ्यासात वेस्लीच्या या विचाराची दखल घेतली. वेबरच्या सिद्धान्तावर पुढे अनेक इतिहासकारांनी आक्षेप घेतले.

आधुनिक काळ

औद्योगिकीकरणानंतर व्यक्तिगत दानाबरोबरच न्याय्य वेतन व आर्थिक रचना यांचा विचार पुढे आला. पोप लिओ तेरावा याच्या १८९१ च्या परिपत्रकाने खासगी मालमत्तेचा अधिकार मान्य केला. त्याचबरोबर मजुराला निर्वाहापुरते वेतन मिळालेच पाहिजे, असेही त्यात म्हटले होते. लॅटिन अमेरिकेतील बिशपांनी १९६८ च्या मेडेलिन परिषदेत दारिद्र्याला संरचनात्मक अन्यायाचा परिणाम म्हटले. पेरू देशातील धर्मपंडित गुस्ताव्हो गुतिएरेस याच्या १९७१ मधील ग्रंथाने मुक्तिवादी ईश्वरशास्त्राला रूप दिले. लादलेले दारिद्र्य हे निवारण्याजोगे अनिष्ट आहे, तर गरिबांच्या सोबतीसाठी स्वेच्छेने पत्करलेले दारिद्र्य हे मूल्य आहे, हा भेद त्याने अधोरेखित केला.

अमेरिकेत डोरोथी डे व पीटर मॉरिन यांनी १९३३ मध्ये कॅथलिक वर्कर चळवळ सुरू केली. १९६० मध्ये न्यूयॉर्क शहराने संपादित केलेल्या इमारतीच्या रकमेवरील व्याज डे यांनी शहराला परत पाठवले. पैशाने पैसा मिळवणे त्यांना मान्य नव्हते. १९५० मध्ये कोलकात्यात मदर तेरेसा यांनी स्थापन केलेल्या मिशनरीज ऑफ चॅरिटी या संघात नेहमीच्या तीन व्रतांबरोबर अतिगरिबांच्या निःशुल्क सेवेचे चौथे व्रत घेतले जाते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ‘समृद्धीचे शुभवर्तमान’ हा प्रवाह बळावला व आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि आशियात पसरला. श्रद्धा व अर्पण यांच्या बदल्यात देव आरोग्य व धन देतो, अशी त्याची शिकवण आहे. दीर्घकाळ खचलेल्या लोकांना ती आशा व उद्यमशीलता देते, असे तिचे समर्थक म्हणतात. टीकाकारांच्या मते तिच्यात देव हाच धनप्राप्तीचे साधन बनतो आणि आजारी वा गरीब भक्तावर अश्रद्धेचा ठपका बसतो. ईयोबाचे पुस्तक या टीकेत नेहमी पुढे केले जाते. कारण ईयोबाच्या आपत्तीचे मूळ त्याच्या पापात शोधणाऱ्या मित्रांनाच त्या पुस्तकाच्या शेवटी देव दोषी ठरवतो.

महाराष्ट्र व गोवा

गोव्यात पोर्तुगीज काळात, सोळाव्या शतकात, मिझेरिकॉर्दिया या धर्मबंधुसंघाची स्थापना झाली. आजारी, कैदी, विधवा व अनाथ यांचे साहाय्य हे त्याचे कार्य होते.

महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकातील मिशन संस्थांच्या कार्यामुळे धनाचा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. दुष्काळात मिशनने अन्न व काम दिले, तेव्हा धर्मांतर पोटासाठी होते, असा आरोप झाला. धर्मसेवकांचे वेतन परदेशी वर्गणीतून येत असल्याने देशी मंडळी स्वावलंबी कशी होणार, हा प्रश्नही निर्माण झाला. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे काही मराठी ख्रिस्ती व्यक्तींनी आपल्या आचरणातून शोधली.

पंडिता रमाबाई (१८५८ – १९२२) यांनी १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या शारदा सदनाला बोस्टन येथे स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षांच्या साहाय्याचे वचन दिले होते. ही मुदत संपल्यावर उत्पन्नाचे साधन असावे म्हणून रमाबाईंनी पुण्याजवळ केडगाव येथे फळबागेसाठी जमीन घेतली. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुली व स्त्रिया यांना आश्रय देण्यासाठी हीच जमीन उपयोगी पडली आणि तेथे मुक्ती सदन उभे राहिले. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे जॉर्ज म्युलर (१८०५ – १८९८) यांनी कोणाकडे पैशाची मागणी न करता, केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथालये चालवली होती. त्यांचा वृत्तान्त वाचून आपल्या श्रद्धेला बळ मिळाल्याचे रमाबाईंनी आत्मनिवेदनात नमूद केले आहे. केडगावात प्रार्थनेवरील या भिस्तीला शेती, विणकाम व छापखाना यांसारख्या उद्योगांची जोड मिळाली.

कवी नारायण वामन टिळक (१८६१ – १९१९) यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला व अहमदनगर येथील अमेरिकन मराठी मिशनमध्ये अनेक वर्षे काम केले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची वेतनी सेवा सोडून ख्रिस्ती संन्याशाचे जीवन पत्करले व ‘देवाचा दरबार’ ही बंधुसभा स्थापन केली. ख्रिस्ती धर्म या भूमीत रुजायचा असेल तर त्याचा उपदेशक पगारी नोकर दिसू नये, ही त्यामागील एक प्रेरणा होती. टिळकांवर वारकरी संतांचा, विशेषतः तुकारामांचा, खोल प्रभाव होता. तुकारामांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, अशी परंपरा आहे. अपरिग्रहाचा हा देशी आदर्श आणि फ्रान्सिससारख्या संतांचा मार्ग यांत मराठी वाचकाला सहज साम्य जाणवते.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात या वृत्तीची दुसरी बाजू दिसते. हातातला पैसा बेफिकिरीने देऊन टाकणाऱ्या पतीच्या संसारात होणारी ओढाताण त्यांनी विनोदबुद्धीने व स्पष्टपणे चित्रित केली आहे. एकाने केलेल्या त्यागाचा भार घरातील दुसऱ्या व्यक्तीवर पडतो, हा धर्मपंडितांच्या ग्रंथांत क्वचितच चर्चिला जाणारा मुद्दा त्यामुळे मराठी साहित्यात ठळकपणे नोंदला गेला.

आचार

धनविषयक शिकवण ख्रिस्ती जीवनात अनेक आचारांतून प्रकट होते. उपासनेच्या वेळी अर्पण गोळा करणे बहुतेक सर्व पंथांत रूढ आहे. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उत्पन्नाचा दशमांश देण्याची प्रथा असून, हा नियम ख्रिस्ती व्यक्तीवर बंधनकारक आहे की केवळ मार्गदर्शक, याविषयी मतभेद आहेत. उपवासकाळात उपवास, प्रार्थना व दानधर्म ही तीन अंगे एकत्र पाळली जातात. स्वतःच्या खाण्यातून वाचवलेले गरिबाला देणे हा त्यांतील दुवा आहे. भारतातील अनेक मंडळ्यांत कापणीच्या सणाला शेतमाल वेदीसमोर आणून अर्पण करतात. मिझोराममध्ये स्वयंपाकाच्या वेळी शिजवायच्या तांदळांतून मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आली आहे. रोख रक्कम हाती नसलेल्या गृहिणीलाही तिच्यामुळे नित्य दानात सहभागी होता येते.

दान गुप्तपणे करावे, या येशूच्या शिकवणुकीचाही आचारावर परिणाम झाला आहे. देणाऱ्याच्या उजव्या हाताचे कृत्य डाव्याला कळू नये, असे डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे. तरीही दात्यांची नावे कोरलेल्या शिळा व बाके अनेक चर्चमध्ये आढळतात.

टीका व चर्चा

ख्रिस्ती धनविचारावर मुख्यतः तीन प्रकारची टीका झाली आहे. पहिली टीका शिकवण व आचरण यांतील अंतरावर आहे. दारिद्र्याचा उपदेश करणाऱ्या चर्चने जमिनी व वैभव साठवले, असा आक्षेप मध्ययुगापासून घेतला जातो आणि तो अनेकदा चर्चमधूनच आला. दुसरी टीका समाजवादी विचारवंतांची आहे. परलोकातील भरपाईच्या आश्वासनामुळे गरीब आपल्या हक्कांबाबत उदासीन राहतात, असे त्यांचे म्हणणे आहे. याकोबाचे पत्र व संदेष्टे यांच्या आधारे मुक्तिवादी धर्मपंडितांनी या टीकेला उत्तर दिले. तिसरी टीका दानाच्या मानसशास्त्राशी संबंधित आहे. दान हे देणाऱ्याच्या आत्मिक उन्नतीचे साधन मानले की घेणारा माणूस निमित्तमात्र उरतो, असा हा आक्षेप आहे.

विश्वस्तवृत्तीच्या कल्पनेविषयीही मतभेद आहेत. सर्व काही देवाचे असल्याचे मान्य करूनही प्रत्यक्षात काहीच न सोडण्याची पळवाट तीत मिळते, असे त्यागमार्गाचे पुरस्कर्ते म्हणतात. त्यागमार्गी व्यक्ती अखेर दुसऱ्याच्या कमाईवरच जगते, असे विश्वस्तवृत्तीचे समर्थक उत्तर देतात. चौथ्या शतकातील बेसिलने जादा वस्त्राविषयी मांडलेले मत आणि क्लेमेंटने भुकेल्याला अन्न कोण देणार म्हणून विचारलेला प्रश्न या चर्चेत आजही आधाराला घेतले जातात.